ढब्बूवरची आठवी खूण

१

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी खिडकीजवळचं टेबल पुसतो, त्यावर काळं सुती फडकं अंथरतो, डावीकडे दिवा आणि उजवीकडे भिंग ठेवतो, आणि आठवडाभरात लोकांनी पारखायला पाठवलेल्या काचेच्या जुन्या गोट्या एकेक करून बघतो. बत्तीस वर्षांत हा नेम दोनदाच चुकला. एकदा हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा, आणि एकदा बायको सोडून गेली त्या आठवड्यात. लोकांना वाटतं, जुनी गोटी ओळखायची म्हणजे रंग बघायचे. रंगाला कोण विचारतो? हाताने केलेली गोटी काचेच्या तापलेल्या लांब कांडीवरून कापून काढलेली असते, त्यामुळे तिच्या दोन टोकांना दोन खरखरीत खुणा राहतात. मी त्यांना बेंबी म्हणतो. यंत्रातून पडलेल्या गोटीला बेंबी नसते. मी आधी बेंबी शोधतो, मग आतल्या दोऱ्यांचा पीळ बघतो आणि शेवटी मार बघतो.

मार म्हणजे खेळताना दुसरी गोटी आदळून उठलेल्या खुणा. नखाच्या कडेएवढ्या बारीक कोरी असतात त्या. प्रत्येक गोटीचं मी एक कार्ड करतो. कार्डावर पुढच्या आणि मागच्या बाजूची दोन वर्तुळं काढायची, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे खुणेची जागा दाखवायची, तिला नंबर द्यायचा आणि ती कशाने झाली ते लिहायचं. गोटीचं सगळं आयुष्य त्या खुणांत असतं. त्या घालवण्यासाठी जो माणूस गोटी घासून चकचकीत करतो, त्याला मी घरात पाणीसुद्धा विचारत नाही.

त्या रविवारी माझा धाकटा भाऊ आला. वय बासष्ट, पण आमच्यात तो अजून धाकटाच. त्याच्या हातात मखमली डबी होती.

"दादा, वाढदिवसाची भेट. पाच दिवस उशीर झाला, पण काम जरा नाजूक होतं."

मी डबी उघडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आत आमचा ढब्बू होता. आमच्या लहानपणची, जुन्या घरीच राहिलेली ती मोठी गोटी, स्वच्छ काचेची. आत पांढऱ्या दोऱ्यांची जाळी, बाहेरून लाल आणि निळ्या पट्ट्यांचा पीळ. बत्तीस वर्षांत तसा दुसरा नग माझ्या टेबलावर आला नाही. आणि तो घासलेला होता. दोन्ही बेंब्या गायब, खुणा गायब, नवऱ्या मुलाच्या बुटासारखा गुळगुळीत.

"कोणी केलं हे?"

"चष्म्याच्या काचा घासतो ना, त्याच्याकडून करून घेतलं. छान झालाय ना? आता काही दिसत नाही ना त्यावर?"

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. गाढव, बिनडोक, कसाई हे त्यातल्या त्यात सौम्य शब्द. धाकटा खाली मान घालून ऐकत राहिला. तो नेहमी असाच ऐकतो, आणि त्याचा मला जास्तच राग येतो. समोरच्याने उलट बोलावं म्हणजे माणसाला थांबता तरी येतं.

"तुला बरं वाटेल असं वाटलं होतं," तो म्हणाला आणि चप्पल घालून गेला. डबी टेबलावरच राहिली.

२

बुधवारी मी ढब्बूचं जुनं कार्ड काढलं. त्यावर लाल शाईने "घासलेली" असा शेरा मारायचा होता. हा शेरा मी लोकांच्या गोट्यांवर मारला की लोक रडकुंडीला येतात. आता माझ्याच घरच्या गोटीवर मारायची वेळ आली होती.

मोजपट्टी लावली. आधी एकेचाळीस मिलिमीटर होता, आता अडतीस भरला. चहूबाजूंनी दीड मिलिमीटर काच गेली होती. मग सवयीने मी तो दिव्याखाली फिरवला, आणि घड्याळाच्या तीनच्या जागेवर मला एक कोर दिसली.

बेंबी गेली असली तरी आतल्या लाल पट्टीवरून गोटीची दिशा लावता येते. मी ती लावली आणि कार्ड शेजारी ठेवलं. खूण नंबर एक, तीनच्या जागी, टोकं खाली वळलेली. तीच होती.

मी स्वतःला समजावलं, की घासणाऱ्याने काम अर्धवट केलं. मार खोल असतो, वरची काच गेली तरी चीर आत राहते आणि दिव्याच्या उष्णतेने वर दिसू लागते. यात मला पटण्यासारखं पुष्कळ होतं, तरी मी घासणाऱ्याला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडलो.

"साहेब, आवाज खाली," तो म्हणाला. "मी चाळीस वर्षं काचाच घासतोय. दीड मिलिमीटर उतरवली, खाली पाण्यासारखी स्वच्छ काच लागली. तुमच्या भावाने माझ्यासमोर बसून तासभर बघितली. एक खूण राहिली असती तरी त्यांनी नेली नसती. आता वरून कोणी आपटली असेल तर मला विचारू नका."

मी फोन आपटला. ढब्बू रविवारपासून मखमलीवरच पडून होता.

३

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. मला वाटलं माफी मागतोय, म्हणून मी आधीच आवाज चढवला. त्याने मला बोलूच दिलं नाही.

"दादा, ताई बोलली."

ताई आमची मोठी बहीण. अकराव्या वर्षी ती मागच्या पायऱ्यांवरून पडली, तेव्हापासून सत्तावन्न वर्षं तिच्या तोंडून एक शब्द आलेला नाही. ती बसते, भरवलं तर खाते, खिडकीबाहेर बघते. आई-वडील होते तोवर त्यांनी केलं, मग धाकट्याने. त्याने लग्न केलं नाही. आमच्या जुन्याच घरात तो तिची वेणी घालतो, नखं कापतो, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. मी महिन्यातून एकदा जात असे, नंतर दोन महिन्यांतून, आणि आता आठ महिने झाले होते.

"काय बोलली?" मी विचारलं.

"'रेघेच्या मागे हो.' एवढंच. अगदी स्पष्ट. डॉक्टर म्हणाले असं कधी कधी होतं, त्यात अर्थ शोधू नका. पण दादा, आवाज लहान मुलीचा होता रे."

तो रडत होता. मी म्हणालो की डॉक्टरचं बरोबर आहे, उगाच आशा लावून घेऊ नकोस, आणि फोन ठेवला.

ढब्बू आमच्याकडे एकच दिवस खेळला गेला. वडिलांनी तो कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानातून आणला, आणि त्याच दुपारी मी आणि ताई मागच्या अंगणात उतरलो. मी नऊ वर्षांचा होतो. पहिलाच नेम मी रेघ ओलांडून मारला. ताई म्हणाली, "रेघेच्या मागे हो," आणि तिने मारलेली गोटी येऊन ढब्बूवर आदळली. तीच ती एक नंबरची खूण.

४

गुरुवारी दोन नंबरची खूण आली. धाकट्याचा फोन अर्ध्या तासाने आला. "ही मोजायची नाही," असं ताई म्हणाली होती. शुक्रवारी तीन नंबर. "हळू. धाकटा उठेल." हे सांगताना धाकट्याला हसू आवरत नव्हतं. त्याला वाटत होतं, ताईला तो आठवला.

माझं डोकं फिरलं. ह्या दोघांनी मिळून माझी थट्टा चालवली आहे, असंही वाटून गेलं. पण ताई थट्टा करण्याच्या पलीकडे गेलेली, आणि धाकट्याला थट्टा कधी जमलीच नाही. शिवाय ढब्बू माझ्या घरात, माझ्या कुलपात. राहता राहिलो मी. मीच झोपेत उठून मारतोय का? मी नखं तपासली, बोटांना काचेची भुकटी लागली आहे का ते भिंगाखाली बघितलं. काही नव्हतं.

शनिवारी सकाळी मी ढब्बू कापसात गुंडाळला, कापसावर फडकं, फडक्यावर दोरा, आणि ते गाठोडं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा कपाटात टाकला. कापसात गोटीला मार बसायचा तर हवेलाही बसेल, असं मी स्वतःशीच मोठ्याने म्हणालो. मग जेवायला बसलो. भर दुपार, बाहेर ऊन, शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू.

दुसरा घास घेतला आणि कपाटातून आवाज आला. टक.

पत्र्याचा आवाज वेगळा असतो, लाकडाचा वेगळा. हा काचेवर काच आदळल्याचा होता. तो मी लाखात ओळखतो. रेडिओवरचा माणूस बोलतच होता. मी ताट सरकवून उठलो, दोरा सोडायला वेळ लागला म्हणून कात्रीने कापला. कापूस उलगडला तेव्हा चौथी कोर तिच्या जागेवर होती आणि तिच्याखालच्या कापसात चिमूटभर काचेची भुकटी चमकत होती. जुन्या माराला भुकटी नसते. भुकटी त्याच घटकेच्या माराला असते.

फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही. शिव्या मात्र मोठ्याने दिल्या, सगळ्यांना.

५

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तर ते आता सांगूनच टाकतो.

ढब्बूच्या कार्डावर आठ खुणा आहेत. सात कोरी, आणि आठवी मागच्या बाजूला, सहाच्या जागी. ती कोर नाही. अंगठ्याच्या पेराएवढा टवका उडालेला आहे. त्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "फरशीवर पडून". बारा वर्षांपूर्वी धाकट्याने आग्रह केला, आपल्याही गोट्यांची कार्डं कर की, तेव्हा मी ते लिहिलं. दुसऱ्याने असं खोटं लिहिलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. गोटी कशावर आदळली हे टवक्याच्या कडेवरून कळतं. फरशीचा मार पसरट असतो, हा खोलगट होता.

त्या दुपारी मी सात डाव हरलो. ढब्बू पैजेवर लावला होता, तो ताईचा झाला. मी पाय आपटत होतो, ती "चिडका बिब्बा" म्हणून हसत होती, आणि तिथवर सगळं नेहमीचंच होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला माझी दया आली. तिने ढब्बू माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "चिडू नकोस रे. घे, तुझी तुला परत."

तिने चिडवलेलं मला चाललं असतं. ते देणं मला सहन झालं नाही. ती वळून पायऱ्या चढायला लागली आणि मी ढब्बू तिच्या डोक्यावर फेकला. तीन पावलांवरून. कानाच्या मागे लागला. आवाज काचेचा नव्हता. ती पायऱ्यांवरून खाली आली, आणि मी घरात ओरडत गेलो की ताई पडली. पायऱ्या होत्याच, सगळ्यांनी पायऱ्यांना दोष दिला. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा, आत झोपलेला.

ताईच्या जखमेत काचेचा कपचा होता का, हे कोणी शोधलं नाही.

म्हणजे सात खुणांनंतर ताई ते वाक्य बोलणार होती, आणि त्यानंतर जे झालं तेही कदाचित बोलणार होती. ज्या माणसाने तिच्यापायी सगळं आयुष्य घातलं, त्याच्या समोर.

६

सोमवारी सहावी खूण आली आणि मी हातोडी काढली.

माझ्या घराच्या अंगणातल्या पायरीवर ढब्बू ठेवला. सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं. एक घाव, चार तुकडे, विषय संपला. मी हातोडी उचलली आणि ऊन ढब्बूतून आरपार गेलं. आतली जाळी उजळली. पांढरा दोरा एकाआड एक, कुठे तुटलेला नाही, पीळ शेवटपर्यंत सारखा. कुणीतरी भट्टीपुढे उभं राहून, घामाने निथळत, एका दमात तो पीळ दिला होता. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, वस्तू तुमची असली तरी ती मोडायचा हक्क तुम्हाला नाही.

मी हातोडी खाली ठेवली. माझ्या बहिणीचं डोकं फोडताना हात थांबला नव्हता, आणि गोटी फोडताना थांबला. ह्याची इतकी चीड आली की मी तीच हातोडी कुंडीवर मारली. कुंडीचा काय दोष होता कोण जाणे.

धाकट्याला फोन केला. "ती काहीबाही बोलतेय. तू लक्ष देऊ नकोस. दार लावून बाहेर बस. कळलं?"

"असं काय करतोस? आज म्हणाली, 'अजून एक डाव.' दादा, ये ना बघायला. तुझीच वाट बघतेय असं वाटतं."

"मी येणार नाही."

"बरं," तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला. "मग मी तिला तुझ्याकडे घेऊन येतो."

रात्रभर विचार केला. ती बोलायच्या आत आपणच सांगून टाकावं, एवढाच मार्ग उरला होता. धाकट्याला खाली बसवायचं, आवाज न चढवता सांगायचं, आणि तो म्हणेल ते, नेहमी तो ऐकतो तसं, खाली मान घालून ऐकायचं. मंगळवारी सकाळी सातवी खूण आली. "हरलास," म्हणाली असणार. मी फोनची वाट न बघता ढब्बू खिशात टाकला आणि निघालो.

७

धाकट्याने दार उघडलं. माझ्या तोंडाकडे बघून काही विचारलं नाही. "आत ताई आहे. बस तिच्याजवळ, मी चहा टाकतो. मग बोलू."

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. केस पांढरेशुभ्र, नीट विंचरलेले. मी समोरच्या स्टुलावर बसलो. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. खोलीत एक वास होता, तो मला आधी ओळखता आला नाही. तापलेल्या मातीचा होता. खिडकी बंद होती आणि मागचं अंगण फरशीने बांधून घेऊन आता वीस वर्षं झाली आहेत.

"ताई," मी म्हणालो, "मी धाकट्याला सगळं सांगणार आहे. तू काही बोलू नकोस."

तिने हात पुढे केला. मी काही विचार न करता ढब्बू काढून तिच्या हातात दिला. लहानपणी द्यायचो तसाच दिला गेला. तिने तो गोल फिरवून बघितला, मागची बाजू वर आली, आणि तिथे सहाच्या जागी काच अजून कोरी होती. मग तिने माझी मूठ उघडली. ती बोटं अडुसष्ट वर्षांच्या बाईची नव्हती. गरम होती, लहान होती, नखांत माती होती. वर बघायचं धैर्य मला झालं नाही, मी फक्त बोटांकडे बघत होतो. त्या बोटांनी ढब्बू माझ्या तळव्यावर ठेवला.

"चिडू नकोस रे. घे, तुझी तुला परत."

मला वाटलं होतं की मी रडेन. सत्तावन्न वर्षांनी ते वाक्य ऐकलं तर माणसाने रडावं, पाय धरावेत. पण पोटात जे पेटलं ते दुसरंच होतं, जसंच्या तसं, एक दिवसही जुनं न झालेलं. हिला कोणी सांगितलंय माझ्यावर उपकार करायला? मी उभा राहिलो. स्टूल मागे पडलं. ताईने मान खिडकीकडे वळवली होती, पायऱ्या चढताना वळवली होती तशी, आणि केसांच्या मध्ये, कानाच्या मागे, कातडी पांढरी दिसत होती. माझा हात खांद्याच्या वर गेला होता. तो मी नेला असं मला आठवत नाही.

"दादा, हात खाली घे."

धाकटा दारात उभा होता. हातात दोन कप. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि तेच मला कळेना.

"मी... मी तुला सांगायलाच आलो होतो," मी म्हणालो. हात तसाच वर.

"माहीत आहे मला. तेव्हाही मी दारातच होतो. तुमच्या आवाजाने उठलो होतो." त्याने कप सावकाश खाली ठेवले, एकही थेंब न सांडता. "आईला सांगितलं नाही, बाबांना नाही. तू नऊ वर्षांचा होतास. आणि नंतर दर वेळी तू आलास की पाच मिनिटांत पळून जायचास, त्या गोटीकडे बघायचा नाहीस. म्हटलं, ती खूणच काढून टाकावी. म्हणून घासून आणली. दादा, मी तुला कधीच माफ केलंय रे."

त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल नुसती दया होती. ताई खिडकीबाहेर बघत होती. मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, आणि ढब्बू अजून माझ्या हातात होता.